थर्ड शिफ्टला काय वाढतात ते बघा: आमच्या चाकणच्या प्लांटच्या कॅन्टीनचा रिव्ह्यू

चाकण एमआयडीसीत आमच्या प्लांटला सध्या जो कॅन्टीन कॉन्ट्रॅक्टर आहे त्याचा हा रिव्ह्यू. नाव लिहीत नाहीये, कंपनीच्या पॉलिसीत बसत नाही, आणि खरं सांगायचं तर नाव कळून फार उपयोगही नाही कारण एकाच कॉन्ट्रॅक्टरचं जेवण शेजारशेजारच्या दोन कंपन्यांत दोन तऱ्हेचं असतं, तिथला सुपरवायझर कोण आणि कंपनीकडून रोज किचनमध्ये डोकावणारं कोण यावर सगळा खेळ. त्यामुळे कुठला व्हेंडर घ्यावा यापेक्षा व्हेंडर जोखावा कसा हे ज्यांना हवंय त्यांनी वाचा. त्यातही प्लांट एचआरला नव्याने लागलेल्या मुलींनी तर वाचाच, कारण पहिल्या महिन्यातच कॅन्टीन तुमच्या गळ्यात पडणार आहे, लिहून घ्या.

माझ्याही पडलं. मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) केलं, लेबर वेल्फेअर आणि पर्सोनेल मॅनेजमेंट घेऊन, आणि डोक्यात एकच की आयआर (इंडस्ट्रियल रिलेशन्स) करायचं, म्हणजे युनियन, सेटलमेंट, डोमेस्टिक एन्क्वायरी (कामगारावरच्या आरोपांची कंपनीतली चौकशी), लेबर कोर्ट. पहिली नोकरी भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे), टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या खात्यात. मस्टर, मिस पंच, ओटी शीट, ईएसआयसीची कार्डं, आणि अख्ख्या शॉपमध्ये बायकांसाठी टॉयलेट नाही म्हणून अ‍ॅडमिन बिल्डिंगपर्यंत चालत जायचं. मग चाकणला आले. इंटरव्ह्यूमध्ये आयआरच्या गप्पा झाल्या आणि जॉइन झाल्यावर हातात आलं काय तर कॅन्टीन, बस, युनिफॉर्म, वाढदिवसाचे केक आणि महिला दिनाची रांगोळी. आयआर गेलं माझ्याबरोबर लागलेल्या मुलाकडे. तेव्हाच्या साहेबांनी कारण पण दिलं, मॅडम स्वयंपाकातलं तुम्हाला कळतं, आणि गेटवर शंभर पोरं घोषणा देत उभी राहिली की तिथे लेडीज नकोत. आता मला स्वयंपाकातलं शष्प कळत नव्हतं, घरी आई आणि नंतर कुकर, पण ते सांगून उपयोग नव्हता.

गंमत अशी की आयआर कॅन्टीनमध्येच असतं हे त्या साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्याही कारखान्यात नाराजी पहिली कुठे दिसते? ताटात. वेज सेटलमेंट (पगारवाढीचा करार) लांबली, कुणाला सस्पेंड केलं, ट्रेनी पोरांना कायम केलं नाही, की सुरुवात होते जेवणावर बहिष्कार टाकून, सहाशे लोकांचं जेवण तयार आणि हॉलमध्ये चिटपाखरू नाही, काळ्या फिती वगैरे त्याच्यानंतर. चार्टर ऑफ डिमांडमध्ये (युनियनच्या मागणीपत्रात) पगारवाढ वर असते पण खाली कुठेतरी कॅन्टीनचे दर, चहाचा कप, सणाचं गोड हे असतंच आणि बोलणी अडतात ती बऱ्याचदा तिथे. आणि कॅन्टीन कमिटी कायद्याने बसलेली, जिथे मॅनेजमेंटची आणि कामगारांची माणसं समोरासमोर बसून डाळीबद्दल बोलतात. मी त्या कमिटीत बसायला लागले आणि युनियनची सगळी मंडळी मला डाळीमुळे ओळखायला लागली. आयआरवाल्या मुलाला जी माहिती चार दिवसांनी कळायची ती मला चपातीच्या लाइनीत उभं राहून त्याच दिवशी कळायची. पुढे आयआर माझ्याकडे आलं ते याच रस्त्याने, पण तो वेगळा विषय.

तर कॉन्ट्रॅक्टर.

आधीचा जो होता त्याच्याबद्दल थोडं सांगायला लागेल नाहीतर आत्ताच्याचं कौतुक का करतेय ते कळणार नाही. त्याचं जेवण चवीला चांगलं होतं, खरंच चांगलं, दुपारी डायरेक्टर लोक पण मागून मागून खायचे. पण बिलातल्या प्लेटा आणि पंचिंगच्या (कामगारांनी मशीनवर पंच करून घेतलेल्या) प्लेटा कधी जुळायच्या नाहीत, दर महिन्याला बिलात ज्यादा. विचारलं की उत्तर ठरलेलं, मशीन बंद होतं मॅडम, गेस्ट होते मॅडम, दुसऱ्यांदा वाढून घेतलं मॅडम. दुसरं म्हणजे त्याची किचनची पोरं. कुणाचा पीएफ भरलाय कुणाचा नाही, चलन मागितलं की मागच्याच्या मागच्या महिन्याचं यायचं आणि त्यात दुसऱ्याच साइटची नावं. एकदा भांडी घासणाऱ्या मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं की ताई आमचा पगार कंपनी देत नाही का हो, दोन महिने झाले. ते ऐकल्यावर मी ती फाइल वर नेली आणि टेंडर काढायला लावलं.

एक गोष्ट नवीन लोकांना कुणी नीट समजावत नाही. कॅन्टीनवाल्याने त्याच्या लोकांचा पगार बुडवला तर तो आपल्याला, म्हणजे प्रिन्सिपल एम्प्लॉयरला, द्यावा लागतो आणि नंतर त्याच्या बिलातून वसूल करत बसायचं. १९७० च्या कॉन्ट्रॅक्ट लेबर अ‍ॅक्टमध्ये हे स्पष्ट होतं आणि जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या नव्या लेबर कोडमध्येही आहे, पीएफचंही तसंच. त्यामुळे फायनान्सवाले जेव्हा म्हणतात की कॅन्टीनवाल्याचे कामगार आपले नाहीत तेव्हा हसू येतं. कोर्टातसुद्धा हा वाद किती वर्षं चाललाय, इंडियन पेट्रोकेमिकल्स विरुद्ध श्रमिक सेना, १९९९, सुप्रीम कोर्ट म्हणालं की कायद्याने चालवावं लागणाऱ्या कॅन्टीनचे कामगार हे फॅक्टरी अ‍ॅक्टपुरते त्या कारखान्याचे, बाकी सगळ्या बाबतीत आपोआप नाहीत. एमएसडब्ल्यूला हे केस लॉ पाठ केलं होतं तेव्हा वाटलं होतं परीक्षेपुरतं आहे.

टेंडरला बरेच जण आले. आता टेस्टिंगची पद्धत तुम्हाला माहीत असेल, प्रत्येक व्हेंडर कॉन्फरन्स रूममध्ये डबे घेऊन येतो, पनीर, जिरा राईस, गुलाबजाम, वर कोथिंबीर, आणि पर्चेस, फायनान्स, एचआर सगळे चमच्याने चाखून मार्क देतात. ते पनीर बघून सही करू नका. ते पनीर पुन्हा दिवाळीशिवाय दिसत नाही. आम्ही शॉर्टलिस्ट केलेल्यांना सांगितलं की तुमच्या चालू असलेल्या साइटवर येतो, कधी ते सांगणार नाही, आणि गेलो रात्री. थर्ड शिफ्टच्या जेवणाला.

मी मुद्दाम यावर जोर देतेय कारण कॅन्टीनचं खरं रूप पहाटे तीनलाच कळतं. दुपारी साहेब लोक जेवतात, त्यामुळे दुपारचं जेवण कुणीही बरं करतो. सेकंडचं जेवण म्हणजे दुपारच्या भाजीत पाणी. आणि थर्डला सेकंडचं उरलेलं, भात गोळा झालेला, चपात्या पापडासारख्या, आणि चहा ज्याला चहा म्हणायचं म्हणून म्हणायचं. रात्री प्रेसवर उभं राहणारा माणूस, जो सगळ्यात थकलेला, त्याला सगळ्यात वाईट ताट. आत्ताच्या कॉन्ट्रॅक्टरच्या साइटवर आम्ही पोचलो तेव्हा तव्यावर चपात्या चालू होत्या. थोड्याच, पण चालू. डाळ गरम होती, माझ्याकडे थर्मामीटर होता, फूड सेफ्टीच्या नियमाप्रमाणे गरम ठेवलेलं अन्न ठरलेल्या तापमानाच्या वर पाहिजे आणि ते होतं. तिथल्या आचाऱ्याला वाटलं आम्ही एफडीएवाले, म्हणजे सरकारी अन्न तपासणीवाले आहोत, बिचारा घाबरून सगळे डबे उघडून दाखवायला लागला. तिथेच माझा निर्णय झाला होता, बाकीचं नंतर कागदावर आलं.

आता जेवण. खरं सांगू, चव ठीक. आधीच्याइतकी चांगली नाहीच. थाळीत दोन भाज्या, त्यातली एक कडधान्याची, डाळ, भात, चपाती, सॅलड म्हणजे काकडी नाहीतर कांदा, ताक आणि आठवड्यातून एकदा गोड. मटकीची उसळ छान करतात, शेवभाजी पण, आणि बुधवारी पिठलं भाकरी ठेचा असतो त्या दिवशी ऑफिस स्टाफसुद्धा डबा आणत नाही. वांग्याच्या भाजीला तेल जरा जास्त. दुधी मात्र करू नये त्यांनी, देवाशपथ करू नये, दुधीच्या दिवशी वेस्टेजचं पातेलं भरतं, आम्ही रोज उष्टं वजन करून बोर्डवर लिहितो आणि दुधीचा दिवस आकड्यावरूनच ओळखता येतो. सोयाबीन वडीचंही तसंच. सुपरवायझर म्हणतात मॅडम स्वस्त पडतं, मी म्हणते अहो दादा स्वस्त पडलेलं टाकून देण्यात कसली बचत.

चपाती हा स्वतंत्र विषय. मशीनची चपाती आहे. मशीनशिवाय एवढ्या लोकांना पुरणार नाही हे मान्य पण पहिल्या शंभर चपात्या मऊ आणि नंतर कणीक मळणारा थकतो की काय कोण जाणे, कडक होत जातात. भाकऱ्या मात्र हाताने, मावशी करतात दोघी-तिघी, खेड तालुक्यातल्याच आहेत, त्यांच्या भाकरीला मी दहापैकी दहा देईन.

आमच्याकडे अर्धे लोक मराठवाडा विदर्भातले, काही खेड जुन्नरचे लोकल, आणि कॉन्ट्रॅक्टवर बिहार, यूपी, ओडिशाचे बरेच. त्यांना भात पाहिजे, भरपूर, आणि आपल्या लोकांना चपाती मोजून नको. आधीच्याकडे भाताची वाटी एक, दुसऱ्यांदा मागितला की तोंड वाकडं. यांनी पहिल्याच महिन्यात भात अनलिमिटेड केला आणि त्याचे ज्यादा पैसे मागितले नाहीत, कारण त्यांचं गणित असं की भात जास्त गेला की चपाती कमी जाते. तेवढ्या एका गोष्टीने किती भांडणं मिटली. गुरुवारी, चतुर्थीला, एकादशीला उपवासाचं वेगळं काउंटर, साबुदाण्याची खिचडी आणि केळं, आषाढीला तर रांग बाहेरपर्यंत. श्रावणात अंडाकरी बंद ठेवायची की चालू यावर कमिटीत दरवर्षी वाद, मग तोडगा निघाला की चालू ठेवायची पण दुसऱ्या टोकाच्या काउंटरवर. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की जिलेबी, ती पण तिथेच कढई लावून गरम.

चहा. चहावर अर्धा स्टार कापलाय मी. सकाळचा चांगला असतो, दुपारनंतर पाणचट. ट्रॉली लाइनवर फिरते, दहा मिनिटांचा ब्रेक, आणि ट्रॉली पाच मिनिटं उशिरा आली की लोकांचा ब्रेक संपतो पण चहा संपत नाही, मग लाइन उशिरा सुरू, मग प्रॉडक्शनवाले मला फोन, कॅन्टीनमुळे इतके पार्ट गेले. महिन्यातून दोन-तीनदा अजूनही होतं. सांगून झालं, पेनल्टी लावून झाली. ट्रॉली ढकलणारी पोरं टिकत नाहीत हे त्यांचं कारण खरं आहे, पण ते माझं कारण कसं होईल?

स्वच्छता बरी. किचनमध्ये डोक्याला टोपी, हातात ग्लोव्हज हे सगळे ऑडिटच्या दिवशी करतात, यांचे लोक इतर दिवशीही बहुतेक वेळा घालतात. एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) लायसन्स दर्शनी लावलेलं, २५ फूड हँडलरमागे एक ट्रेनिंग घेतलेला फूड सेफ्टी सुपरवायझर लागतो तो खरोखर साइटवर असतो, नुसतं सर्टिफिकेट लटकवलेलं नाही. लोकांची वर्षाची मेडिकल होते, पाण्याचे रिपोर्ट वेळेवर, रोजच्या जेवणाचं सॅम्पल फ्रिजमध्ये ठेवतात म्हणजे कुणाला त्रास झालाच तर तपासता येतं. पेस्ट कंट्रोल मात्र आपल्या अ‍ॅडमिनच्याच खात्यात ठेवा, यांच्यावर सोडू नका, झुरळांच्या बाबतीत मी कुणावरच विश्वास ठेवत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी यांना मनापासून मार्क देते ती सांगते. आमच्याकडे असेंब्लीला मुली जास्त आहेत, अप्रेंटिस म्हणून येतात, बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा इकडच्या, अठरा-वीस वर्षांच्या, बारावी नाहीतर आयटीआय. चाकणला एका खोलीत चार-पाच जणी राहायच्या, स्टायपेंडमधून घरी पैसे पाठवायचे, आणि पहिली शिफ्ट साडेसहाची म्हणजे बस साडेपाचला, मग सकाळी खाणार काय तर काही नाही. ओएचसीचं, म्हणजे प्लांटमधल्या दवाखान्याचं, रजिस्टर मी महिन्याला बघते, त्यात सारखं तेच, फर्स्ट शिफ्ट, नऊ साडेनऊची वेळ, चक्कर, अशक्तपणा, मुलगी. नर्सताई म्हणाल्या मॅडम हिला औषध नको, पोहे पाहिजेत. लाइन लीडर म्हणतात मुली नाजूक असतात. अरे नाजूक कसल्या, उपाशी आहेत. घरी उसाच्या फडात काम केलेल्या मुली आहेत त्या.

मी कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं, म्हटलं सव्वासहाला नाश्ता पाहिजे, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, आणि कंपनीकडून मी फार पैसे आणू शकत नाही. खरं तर तो नाही म्हणू शकला असता कारण कॉन्ट्रॅक्टमध्ये नाश्ता आठनंतर होता, आणि सव्वासहाला नाश्ता म्हणजे त्याची माणसं चारला उठणार. मालक स्वतः आले होते, वयस्कर आहेत, आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी एकच विचारलं, किती मुली? आणि म्हणाले उपमा पोहे मी देतो, वर शेंगदाणा गुळाचा लाडू, रेट नंतर बघू. रेट नंतर बघितला अर्थातच, काका धंद्याला बसलेत, पण आधी चालू केलं. मग मी फायनान्सला आकडे दाखवले की चक्कर येऊन लाइन थांबते त्याचं नुकसान किती आणि पोह्याची प्लेट केवढ्याची, तेव्हा मंजूर झालं. आता मुलं पण खातात तो नाश्ता, आणि ओएचसीच्या रजिस्टरमध्ये त्या वेळेच्या एन्ट्र्या तुरळक राहिल्यात.

असं काम रांगोळीसोबत केआरएत (वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनात) येत नाही हे जाता जाता सांगून ठेवते. महिला दिनाला गुलाब वाटायचं बजेट लगेच मिळतं.

किचनच्या लोकांचा पीएफ ईएसआय. हे बिलापेक्षा आधी बघा. आम्ही अशी अट टाकली की दर महिन्याचं बिल पास व्हायच्या आधी वेज रजिस्टर, बँक ट्रान्सफरची कॉपी आणि ईसीआर (पीएफ भरल्याचा नाववार तक्ता) या साइटच्या नावांचा, तिन्ही जोडायचं. काका पहिल्यांदा कुरकुरले, म्हणाले दुसऱ्या कुठल्या कंपनीत एवढं मागत नाहीत. मी म्हटलं म्हणूनच तर मागतेय. आता त्यांचा अकाउंटंट दहा तारखेच्या आत फाइल आणून ठेवतो. मी अधूनमधून भांडी घासायच्या जागेवर जाऊन मावशींना त्यांच्या मोबाइलवर पीएफचा मेसेज आलाय का ते विचारते, कागदावर सगळंच बरोबर असतं. एकीचा आला नव्हता, आधारची जन्मतारीख जुळत नव्हती, ते आमच्या टाइम ऑफिसच्या मुलीने बसून करून दिलं.

कायद्याचं थोडं, कारण हल्ली सगळे विचारतात. जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये, १९४८ च्या, कलम ४६ प्रमाणे २५० पेक्षा जास्त कामगार असले की कॅन्टीन, कलम ४९ प्रमाणे ५०० कामगारांवर वेल्फेअर ऑफिसर. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही लेबर कोड लागू केले, त्यातल्या व्यावसायिक सुरक्षेच्या कोडमध्ये हे आकडे खाली आलेत, कॅन्टीनसाठी १०० कामगार आणि त्यात कॉन्ट्रॅक्टवालेसुद्धा मोजायचे, वेल्फेअर ऑफिसरसाठी २५०. म्हणजे ज्या छोट्या कंपन्या आतापर्यंत डबे आणा म्हणायच्या त्यांनाही बघावं लागणार, आणि एचआरमधल्या मुलींना वेल्फेअर ऑफिसरच्या जागा वाढतील असा माझा अंदाज, योग्य डिग्री असेल तर सोडू नका. त्याच कोडमध्ये कॅन्टीन हे कंपनीच्या मुख्य कामात, म्हणजे कोअर अ‍ॅक्टिव्हिटीत धरलेलं नाही, त्यामुळे ते कॉन्ट्रॅक्टवर देता येतं. आणि हो, दर ठरवताना नफा धरायचा नसतो, किचनची जागा, भांडीकुंडी असल्या बऱ्याच खर्चाचा बोजा कामगाराच्या प्लेटवर टाकता येत नाही, ते मालकाने सोसायचं. मॅनेजमेंटमधल्या निम्म्या लोकांना वाटतं की सबसिडी म्हणजे आपला मोठेपणा.

रात्रीचं पण सांगते. मी सुरुवातीला थर्ड शिफ्टचं जेवण बघायला थांबते म्हटलं तर सिक्युरिटीपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना प्रश्न. बायकांना कारखान्यात संध्याकाळी सातनंतर काम नाही हे जुन्या फॅक्टरी कायद्याचं कलम ६६ लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं की ते कुणासाठी आहे, महाराष्ट्राने ते अटी घालून सैल केलंय का, हे कुणी बघत नाही, सरळ नाही म्हणायचं. आता तर नव्या कोडमध्ये बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर रात्रपाळी चालते. मी कॅब, ड्रायव्हरचं व्हेरिफिकेशन, सोबत एक लेडी गार्ड एवढं सगळं लेखी मागितलं आणि थांबले. त्या रात्री वेल्ड शॉपचे एक जुने ऑपरेटर ताट घेऊन समोर येऊन बसले आणि म्हणाले, ताई, इतक्या वर्षांत या वेळी इथे एचआरचं माणूस पहिल्यांदा बघतोय, पुरुष पण नाही बघितला. नंतरच्या सेटलमेंटला हेच ऑपरेटर युनियनच्या बाजूने टेबलावर होते आणि आवाज चढला की तेच बाकीच्यांना खाली बसवायचे.

तोट्याच्या बाजू. एक, सुपरवायझर सुट्टीवर गेला की सगळं ढासळतं, त्यांच्याकडे दुसरी फळी नाही. दोन, पावसाळ्यात भाजी महागली की बटाटा, सलग चार दिवस बटाटा, रूपं बदलून. रेट रिव्हिजनचा फॉर्म्युला आम्ही कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहिलाय की वर्षातून एकदाच आणि महागाई निर्देशांकाला धरून, तरी मध्येच काका टोमॅटोचे भाव घेऊन येतात. तीन, तक्रारीची वही. ठेवलेली असते पण पेन कधीच नसतं! मग आम्ही क्यूआर कोड लावला, त्याच्यावर पहिल्या आठवड्यात आलेल्या तक्रारी वाचून मी एकटी केबिनमध्ये हसत बसले होते, एकाने लिहिलं होतं की डाळीत डाळ शोधून देणाऱ्यास बक्षीस. पण यांची एक सवय चांगली, तक्रार खरी असली की वाद घालत नाहीत. एकदा भातात खडा निघाला, दाताला लागलं एकाच्या, तर ओएचसीच्या आधी त्यांचा माणूस त्याच्याजवळ पोचला होता आणि डेंटिस्टचं बिल त्यांनी न मागता भरलं. आधीचा कॉन्ट्रॅक्टर असता तर म्हणाला असता खडा घरून आणला असेल.

दबावाचा प्रकार पण लिहिते कारण कुणी लिहीत नाही. चाकणमध्ये कॅन्टीन, स्क्रॅप, बस आणि लेबर ही कॉन्ट्रॅक्टं कशी फिरतात हे इथे काम करणाऱ्याला सांगायला नको. टेंडरच्या वेळी फोन येतात, अमक्याचा माणूस आहे, तमक्या दादांनी सांगितलंय, मॅडम तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला माहीत नाही. एक जण केबिनमध्ये येऊन मोबाइल टेबलावर उलटा ठेवून बसला आणि काहीच बोलला नाही, नुसता बसला. बाई बघून जरा जास्तच सोपं वाटतं लोकांना. माझा उपाय एकच, निर्णय एकटीच्या नावावर ठेवायचा नाही. कॅन्टीन कमिटीचे मार्क, पर्चेसची सही, रात्रीच्या व्हिजिटचे फोटो, सगळं फाइलला, आणि येणाऱ्याला चहा पाजून सांगायचं की तुमच्या माणसाने पण टेंडर भरावं, कामगारांचे प्रतिनिधी मार्क देतात, मी एकटी देत नाही. कामगारांच्या ताटात हात घालायची हिंमत लोकल दादालोक पण सहसा करत नाहीत, त्यांच्याच गावची पोरं आत जेवत असतात.

रेटबद्दल विचाराल तर चाकणमध्ये अशा थाळीला जो चालू भाव आहे त्यापेक्षा हे दोन-चार रुपये महाग आहेत. सगळ्यात स्वस्त टेंडर यांचं नव्हतंच. फायनान्सने विचारलं होतं की महाग का घ्यायचं, मी त्यांना सगळ्यात स्वस्तवाल्याच्या रेटमधून किमान वेतन, पीएफ, ईएसआय आणि बोनस वजा करून दाखवलं, मागे जे उरलं त्यात भाजी येत नव्हती. म्हणजे तो एकतर भाजी खाणार नाहीतर पीएफ. हा हिशेब प्रत्येक टेंडरला करा, दहा मिनिटांचं काम आहे, आणि स्वस्तातल्या बऱ्याच व्हेंडरांची कुंडली तिथेच निघते.

एकूण पाचपैकी साडेतीन. चवीला तीन, थर्ड शिफ्टला साडेचार, कागदपत्रांना साडेचार, चहाला दोन म्हटलं तरी जास्तच.

कॉन्ट्रॅक्ट आम्ही पुढच्या वर्षासाठी रिन्यू केलंय. अटी तीन घातल्यात, दुसरा सुपरवायझर कायमचा साइटवर, चहाच्या ट्रॉलीला ठरलेली दोन माणसं, आणि चपातीचं मशीन बदलायचं. दुधी मेन्यूतून काढायचा ठराव कमिटीत सगळ्यांच्या संमतीने पास झालाय, मॅनेजमेंट आणि युनियन एका मताचे, मिनिट्सवर दोन्हीकडच्या सह्या आहेत.